पाण्याखालच्या लेझर-लिंकवर खळबळीचा परिणाम: चार फुटी टाकीत मोजायचा कसा

माशांची चार फुटी टाकी, एका बाजूला लेझर, दुसऱ्या बाजूला फोटोडायोड (प्रकाश पडला की करंट देणारा सेन्सर), मध्ये पाणी. लेझर चालू-बंद करून डेटा पाठवायचा. पंप सुरू केला की पलीकडे येणारा डेटा चुकायला लागतो आणि रिपोर्टमध्ये लिहिलं जातं, 'टर्ब्युलन्समुळे बिट एरर वाढला', म्हणजे खळबळीमुळे ० आणि १ चुकीचे वाचले गेले. सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा, कुठल्याही कॉलेजात शेवटच्या वर्षाला हा प्रोजेक्ट घ्यायचा असेल, तर आधी हे वाक्य तपासून घ्या. बहुतेक वेळा त्या चुका पाण्यातल्या खळबळीच्या नसतातच. टेबल हादरत असतं, पंप हवा ओढत असतो, नाहीतर वरची लाट किरणाला शिवत असते.

प्रकाश वाकतो तो अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचा आकडा) बदलला की. टाकीतलं सगळं पाणी एकाच तापमानाचं आणि एकाच खारटपणाचं असेल तर अपवर्तनांकही सगळीकडे सारखाच, मग कितीही ढवळा, किरणाला काही कळत नाही. ढवळण्याने फक्त मिसळण होते, आणि मिसळायला मुळात दोन वेगळी पाणी लागतात. पाण्याचा अपवर्तनांक साधारण १.३३३. तापमान एक अंश वाढलं की तो जवळपास ०.०००१ ने उतरतो. लिटरमागे एक ग्रॅम मीठ टाकलं की साधारण ०.०००२ ने चढतो. म्हणजे लिटरला एक ग्रॅम मीठ हे प्रकाशाच्या दृष्टीने दोन अंशांच्या फरकाएवढं. आकडे किरकोळ दिसतात, पण वाटेत असे शेकडो गरम-गार गोळे आडवे आले की किरण थोडा थोडा हलत, फुटत, एकवटत जातो. मे महिन्यात हायवेच्या तापलेल्या डांबरावरून समोरचा ट्रक थरथरताना दिसतो, तेच इथे पाण्यात घडतं.

म्हणून या प्रयोगाचं खरं काम म्हणजे चार गोष्टी एकमेकींपासून सोडवणं: पाण्यात प्रकाश मुरणं, यंत्रणेचा हादरा, बुडबुडे, आणि तापमान किंवा मिठामुळे होणारी खळबळ. चारही गोष्टींनी सिग्नल पडतो, पण प्रत्येकीचा उपाय निराळा आहे.

टाकी आणि मांडणी

टाकी ४ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच, ८ मिलिमीटर काचेची घ्या. पाणी २५ सेंटिमीटरपर्यंत भरलं की ते सुमारे ९० लिटर होतं. काच धरून वजन सव्वाशे किलोच्या आसपास जातं आणि प्रयोगात आणखी २० लिटर पाणी आत येणार आहे. तेव्हा लॅबमधलं हलकं लाकडी टेबल चालणार नाही. लोखंडी अँगलचा स्टँड किंवा कडप्प्याचा ओटा बघा, आणि टाकीखाली थर्माकोल अंथरा, नाहीतर उंचसखल जागेवर तळ तडकतो.

लेझर आणि रिसीव्हर टाकीला चिकटवू नका. दोन्ही वेगळ्या स्टँडवर हवेत, आणि जमलं तर त्या स्टँडचा टाकीच्या ओट्याशी संबंधच नको. किरण तळापासून १० सेंटिमीटर उंचीवरून जाऊ द्या, म्हणजे वर १५ सेंटिमीटर पाणी राहतं आणि पृष्ठभागाची लाट मध्ये येत नाही. काचेवर किरण अगदी काटकोनात टाकू नका. दोन-तीन अंश तिरका ठेवा. काटकोनात टाकला की काचेवरून परतलेला प्रकाश थेट लेझरच्या पोटात शिरतो आणि लेझर स्वतःच डळमळायला लागतो. हवेकडून काचेत शिरताना सुमारे ४ टक्के आणि काचेतून पाण्यात जाताना अर्ध्या टक्क्याहून कमी प्रकाश परततो. दोन्ही भिंती मिळून ९ टक्के गेले असं धरा. हा तोटा ठरलेला असतो, त्याची काळजी नको.

लेझर कुठल्या रंगाचा? शुद्ध पाणी ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश मीटरमागे ०.३४ या दराने शोषतं, ५२० च्या हिरव्याला सुमारे ०.०४, तर ४५० च्या निळ्याला ०.०१ हून कमी. टाकीच्या १.२ मीटरमध्ये लाल प्रकाशाचा साधारण दोन-तृतीयांश भाग पार होतो, हिरव्याचा ९५ टक्के. टाकीत दोन्ही चालतील. पण पुढे कधी खऱ्या पाण्यात जायचं असेल तर हिरवा किंवा निळाच घ्या. हिरवा घेताना थेट ५२० नॅनोमीटरचा डायोड मागा. जत्रेत मिळणारे हिरवे पॉइंटर बहुधा ५३२ चे असतात. त्यांच्या आत ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड तयार होतो आणि स्वस्त मालात तो गाळलेला नसतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण इजा करतो. ५ मिलिवॅटच्या वर जाऊ नका, किरण बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीत ठेवू नका, आणि रिसीव्हरच्या मागे काळा पुठ्ठा उभा करा.

पाणी नळाचं चालेल, पण आदल्या संध्याकाळी भरून ठेवा. नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा खोलीच्या तापमानाला येताना बारीक बुडबुड्यांच्या रूपाने काचेच्या आतल्या बाजूला चिकटते. सकाळी किरणाच्या वाटेतली काच आतून वायपरने पुसून घ्या. बोअरचं पाणी टाळा. सांगली भागात ते बऱ्याच ठिकाणी क्षारयुक्त असतं आणि सुरुवातच अनोळखी खारटपणापासून होते.

रिसीव्हर

फोटोडायोड बीपीडब्ल्यू३४ घ्या, पण पारदर्शक आवरणाचा. काळ्या आवरणाचे जे प्रकार मिळतात (बीपीडब्ल्यू३४एफ, बीपी१०४) त्यांच्यावर दिसणारा प्रकाश अडवणारा फिल्टर असतो. ते रिमोट कंट्रोलसाठी असतात. लेझर समोर धरूनही काहीच येत नाही म्हणून लोक दिवसभर सर्किट तपासत बसतात आणि दोष डायोडच्या रंगात असतो. साधा बीपीडब्ल्यू३४ सुद्धा ९०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तरतरीत असतो, हिरव्याला कमी आणि निळ्याला त्याहून कमी. निळ्यासाठी 'बी' अक्षराचा प्रकार येतो.

त्यामागे एमसीपी६००२ ऑप-अँपवर ट्रान्सइम्पीडन्स अँप्लिफायर (करंटचं व्होल्टेज करणारं सर्किट) लावा, ५ व्होल्टवर. डायोडचा कॅथोड ऑप-अँपच्या निगेटिव्ह इनपुटला, अ‍ॅनोड ग्राउंडला, पॉझिटिव्ह इनपुटही ग्राउंडला. डायोड उलटा लागला तर आउटपुट शून्यावर चिकटून बसतं. फीडबॅकचा रोधक लेझरनुसार ठरतो. ५ मिलिवॅटचा सगळा प्रकाश डायोडवर पडला तर दोन मिलिअँपिअरच्या घरात करंट येतो, म्हणून १ किलोओहम पुरतो. १० किलोओहम लावला तर आउटपुट लगेच ५ व्होल्टला टेकतं. किरण पसरवून त्याचा थोडाच भाग घेणार असाल तेव्हा १० किलोओहम. शांत पाण्यात सरासरी दीड व्होल्ट येईल असा रोधक निवडा. त्याहून वर नको, कारण खळबळीत प्रकाश फक्त पडत नाही, पाण्याचे गोळे भिंगासारखे वागून तो क्षणभर दुप्पट-अडीचपटही करतात. ते शेंडे ५ व्होल्टला छाटले गेले तर खळबळ आहे त्यापेक्षा सौम्य दिसते आणि छाटलं गेल्याचं आलेखात चटकन कळतही नाही.

फीडबॅकचा कॅपॅसिटर १ किलोओहमला २२० नॅनोफॅरड, १० किलोओहमला २२ नॅनोफॅरड. दोन्हींत ७२० हर्ट्झच्या आसपासपर्यंतचे बदल पार होतात. पाण्यातली खळबळ त्याहून पुष्कळ सावकाश असते.

डायोडपुढे पाच सेंटिमीटरची काळी कागदी नळी लावा, ट्यूबलाइट बंद करा. ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि तीच लुकलुक तुमच्या आकड्यांत येऊन बसते.

नोंदीसाठी अर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पुरतो. सेकंदाला २००० नमुने घ्या, मायक्रोसेकंदांच्या घड्याळावर दर ५०० ला एक. इथे एक सापळा आहे. आकडा मजकूर म्हणून पाठवला तर तीन अंकी वाचनाला ओळ बदलण्याची खूण धरून ५ बाइट लागतात, चार अंकीला ६. २००० नमुन्यांचे १० ते १२ हजार बाइट झाले आणि ११५२०० बॉड रेटला (सेकंदाला तेवढे बिट) सेकंदाला ११,५२० च बाइट जातात. तीन अंकी वाचनात सगळं सुरळीत चालतं, प्रकाश वाढून आकडा हजारावर गेला की बफर तुंबतो, अर्डुइनो थांबतो आणि नमुन्यांमधलं अंतर बिघडतं. म्हणजे नेमक्या शेंड्यांच्या वेळी नोंद खराब होते. बॉड रेट २५०००० ठेवा.

आधी शांत पाणी

लेझर सुरू करून वीस मिनिटं तापू द्या. मग तीन नोंदी घ्या.

पहिली, लेझरपुढे पुठ्ठा धरून एक मिनिट. हे अंधाराचं वाचन, पुढच्या प्रत्येक नमुन्यातून वजा करायचं. सरासरी दीड व्होल्ट आहे आणि त्यात खोलीतल्या उजेडाचे ०.३ व्होल्ट मिसळलेत असं समजा. वजाबाकी विसरली तर खळबळीचं माप ३६ टक्क्यांनी कमी येतं.

दुसरी, शांत पाण्यातून दहा मिनिटं. यावर सिंटिलेशन इंडेक्स काढा, म्हणजे लुकलुकीचं माप: नमुन्यांचं विचरण (व्हेरियन्स) भागिले सरासरीचा वर्ग. हे गुणोत्तर असल्याने एकूण प्रकाश कमी-जास्त झाला तरी त्याला फरक पडत नाही, आणि म्हणूनच मुरण्यापासून खळबळ वेगळी काढायला ते उपयोगी आहे. शांत पाण्यात इंडेक्स ०.०००१ च्या खाली यायला हवा. तेवढा म्हणजे प्रकाशात एक टक्का चढउतार. त्याहून जास्त आला तर पुढे जाऊ नका. लेझरचा पुरवठा बदला, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, नमुन्यांचं एफएफटी (कुठल्या वारंवारतेचा किती भाग आहे ते दाखवणारा आलेख) काढून ५० किंवा १०० हर्ट्झला सुळका दिसतो का पाहा.

तिसरी नोंद सहसा कोणी घेत नाही, आणि ती सगळ्यात मोलाची आहे. पंप पाण्याच्या बादलीत घाला आणि बादली टाकीच्या शेजारी त्याच ओट्यावर ठेवून चालवा. टाकीतलं पाणी स्थिर, हादरा मात्र खरा. इंडेक्स जेवढा वाढला तेवढा हादऱ्याचा. तो वाढत असेल तर स्टँड सुटा करा, पंप फोमवर ठेवा.

यानंतर पंप टाकीत सोडा. कूलरचा साधा १८ वॅटचा पंप पुरेसा आहे. तो पूर्ण बुडालेला हवा, तोंड पृष्ठभागाकडे नको, नाहीतर हवा ओढून बुडबुडे करतो. पाणी एकाच तापमानाचं असताना पंप चालवून पाहा: इंडेक्स शांत पाण्याइतकाच राहिला पाहिजे. पंपाच्या उष्णतेने ९० लिटर पाणी तासाला जेमतेम ०.१७ अंश तापतं, त्याने काही बिघडत नाही. इंडेक्स वाढलाच तर बुडबुडा, लाट किंवा हादरा अजून शिल्लक आहे. ही चाचणी पार पडली की मगच पुढच्या आकड्यांना अर्थ.

आता खळबळ

गरम पाणी तळातून सोडायला द्राक्षबागेतल्या ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल उत्तम. टाकीच्या लांबीइतका तुकडा घ्या, एक टोक बंद करा, दर पाच सेंटिमीटरला २ मिलिमीटरचं छिद्र पाडा, तळाशी वजनाने दाबून ठेवा. दुसरं टोक उंचावर ठेवलेल्या २० लिटरच्या बादलीला जोडा, मध्ये ठिबकचाच कॉक. टाकीतलं पाणी २७ अंश असेल तर बादलीतलं ३७ अंश ठेवा. कॉक असा सोडा की बादली दहा मिनिटांत रिकामी होईल, मिनिटाला दोन लिटर. गरम पाणी हलकं, ते छिद्रांतून वर उठत किरणाच्या वाटेतून जातं. पातळी साडेपाच सेंटिमीटर वाढते, सव्वा फुटी टाकीत ती सहज मावते.

दहा मिनिटांच्या शेवटी टाकी २८.८ अंशांवर गेलेली असते, म्हणजे फरक १० वरून ८.२ वर उतरतो. म्हणून सगळ्या नोंदीचा एकच इंडेक्स काढू नका. मिनिटामिनिटाचा वेगळा काढा आणि त्या मिनिटाच्या तापमान-फरकासमोर मांडा. नंतर बादली ३०, ३२, ३४ अंशांची करून पुन्हा. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी आणि माठातलं पाणी एवढ्यावरही काम भागतं, हीटर लागत नाही.

टाकीतच पाणी तापवायचं तर मत्स्यटाकीचा ३०० वॅटचा हीटर वापरा, अंशाला २१ मिनिटं लागतात. पाणी तापवायचा हजार वॅटचा रॉड टाकीत घालू नका. काचेजवळ गेला की तडा जातो, आणि लोखंडी स्टँड, ओली फरशी आणि उघडा रॉड हे एकत्र नकोच. बादलीत रॉड वापरलात तरी हात घालण्याआधी प्लग काढा आणि सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या.

तापमानाला डीएस१८बी२० चे जलरोधक प्रोब चांगले, पण दोन सावधगिऱ्या. त्यांची अचूकता अर्ध्या अंशाची आहे, म्हणजे दोन प्रोब एकाच पाण्यात एक अंश वेगळे बोलू शकतात. आधी सगळे एकाच तांब्यात ठेवून आपसांतला फरक लिहून घ्या. दुसरं, एक वाचन द्यायला त्यांना पाऊण सेकंद लागतो, आणि धातूची टोपी तापायला आणखी वेळ. ते सरासरी फरक सांगतात, खळबळ दाखवत नाहीत. ती फक्त प्रकाश दाखवतो.

मिठाचा प्रयोग करायचा तर तो शेवटी, कारण नंतर टाकी रिकामी करावीच लागते. मिठाचं पाणी वेगळ्या बादलीत करून रात्रभर निवळू द्या, कारण पुडीतल्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड पाणी धूसर करते आणि खडे मिठात माती असते. खारं पाणी जड असल्याने ते वरून सोडा, तळातून नाही. मिठाची खळबळ उष्णतेपेक्षा चिवट निघते. मीठ पाण्यात उष्णतेच्या सुमारे शंभरपट सावकाश पसरतं, त्यामुळे खाऱ्या पाण्याचे बारीक धागे ढवळूनही बराच वेळ टिकून राहतात. मोठ्या प्रवाहाची ताकद लहान भोवऱ्यांत उतरत उतरत शेवटी विरते, पण मिठाचे धागे त्या भोवऱ्यांहूनही बारीक आकारात जिवंत असतात. २००० साली निकिशोव्ह आणि निकिशोव्ह या संशोधकांनी समुद्राच्या पाण्यासाठी जो स्पेक्ट्रम मांडला, त्यात याच दोन गोष्टींच्या तुलनेला एक आकडा आहे: उणे ५ कडे झुकला तर तापमानाचं राज्य, शून्याकडे गेला तर मिठाचं. आपल्या गोड्या पाण्यात तापमानाचंच राज्य.

आकडे काय सांगतात

समजा, साधा ऑन-ऑफ सिग्नल आहे, आणि शांत पाण्यातल्या प्रकाशाच्या निम्म्यावर उंबरठा (०-१ ठरवणारी पातळी) कायमचा ठरवून दिला आहे. प्रकाश निम्म्याखाली गेला की प्रत्येक '१' हा '०' म्हणून वाचला जाणार. सौम्य खळबळीत प्रकाशाचं वाटप लॉग-नॉर्मल (लॉग घेतला की घंटेच्या आकाराचं होणारं) असतं असं धरून हिशेब केला तर इंडेक्स ०.०१ ला असं जवळपास कधीच होत नाही. ०.०५ ला हजारात १.२ वेळ. ०.१ ला १.८ टक्के. ०.३ ला साडेतेरा टक्के. लुकलुक पाचपट-दहापट वाढल्यावर चुका त्या प्रमाणात वाढत नाहीत, त्या एकदम उसळतात. 'थोड्या खळबळीत छान चालतं, मग अचानक बंद पडतं' ही तक्रार इथून येते.

तुमच्या नोंदीचा हिस्टोग्राम काढा आणि हे वाटप बसतं का पाहा. उजवीकडे लांब शेपटी असलेला एकच उंचवटा दिसला तर ठीक. शून्याजवळ दुसरा उंचवटा दिसला तर बुडबुडे आहेत. बुडबुडा किरणाला लुकलुकवत नाही, झाकतो. त्याला लॉग-नॉर्मल बसवायचा हट्ट करू नका. बुडबुड्यांसाठी घातांकी आणि सामान्यीकृत गॅमा यांच्या मिश्रणाचं वाटप वापरलं जातं. बुडबुडे मुद्दाम अभ्यासायचे तर एअर पंप आणि एअरस्टोन, पण तेव्हा गरम पाणी बंद.

किती वेळ नोंदवायचं? किरण ३ मिलिमीटरचा आणि पाणी सेकंदाला १० सेंटिमीटर सरकत असेल तर एक गोळा किरणासमोरून जायला ३० मिलिसेकंद लागतात. मिनिटाचे नमुने एक लाख वीस हजार, पण एकमेकांशी संबंध नसलेल्या घटना फक्त दोन हजार. हजारात एकदा होणारी गोष्ट मोजायला त्या अपुऱ्या आहेत. दहा मिनिटांत वीस हजार होतात, तेव्हा कुठे वीस-पंचवीस पडझडी, म्हणजे प्रकाश निम्म्याखाली जाण्याचे प्रसंग, हाती लागतात. एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) 'एवढे लाख नमुने घेतलेत' म्हणून कौतुक केलं तरी ही मर्यादा स्वतःहून सांगा.

डेटा पाठवून पाहणं

प्रकाश मोजून झाला की मग डेटा. कॅपॅसिटर बदला: १ किलोओहमला १० नॅनोफॅरड, १० किलोओहमला १ नॅनोफॅरड, म्हणजे १६ किलोहर्ट्झपर्यंतचा सिग्नल पार होतो, ९६०० बॉडला तो पुरतो. पुढे एलएम३९३ कम्पॅरेटर (सिग्नल उंबरठ्याच्या वर की खाली ते सांगणारी चिप), आउटपुटला ४.७ किलोओहमचा पुल-अप, तो नसेल तर आउटपुट वर जातच नाही. लेझर मॉड्यूलमध्ये आत ड्रायव्हर असेल तर त्यातला कॅपॅसिटर जलद चालू-बंद होऊ देत नाही. मॉड्युलेशनची वेगळी तार असलेलं मॉड्यूल घ्या.

सुरुवातीला सतत कॅपिटल 'यू' पाठवा. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून त्याचे दहाही बिट आळीपाळीने ०, १ असे येतात, ऑसिलोस्कोपवर ४८०० हर्ट्झची स्वच्छ चौकोनी लाट दिसते आणि उंबरठा लावणं सोपं जातं. पण चुका मोजायला हे अक्षर वापरू नका. रिसीव्हरचा ताल सुटून तो चुकीच्या बिटपासून वाचू लागला तरी त्याला 'यू'च दिसतो, आणि घसरण लपून राहते. मोजणीला अनुक्रमांक आणि सीआरसी (चूक ओळखणारा तपासणी-आकडा) असलेली लहान पाकिटं पाठवा, आत यादृच्छिक बाइट.

चुका एकेकट्या येत नाहीत, झुंडीने येतात. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे ३० मिलिसेकंदांच्या पडझडीत २८८ बिट, जवळपास २९ बाइट सलग जातात. सेकंदाला दहा लाख बिटच्या लिंकवर तीच पडझड तीस हजार बिट खाते. म्हणून नुसता सरासरी बिट एरर रेट लिहून भागत नाही. सलग किती पाकिटं गेली त्याचाही हिस्टोग्राम द्या.

उपाय कुठला, कधी

पहिला आणि सगळ्यात स्वस्त: कायमचा उंबरठा काढून टाका. मँचेस्टर कोडिंगमध्ये प्रत्येक बिटाचा एक अर्धा भाग उजेडाचा, दुसरा अंधाराचा असतो आणि निर्णय त्या दोघांच्या तुलनेवर होतो. प्रकाश निम्मा झाला तरी दोन्ही अर्धे एकाच क्षणातले, तुलना टिकते. उंबरठा म्हणून सिग्नलचीच सरासरी द्या: ३३ किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड, कालस्थिरांक ३.३ मिलिसेकंद. बिटाच्या तिसाहून अधिक पट लांब आणि पडझडीपेक्षा बराच लहान. ही युक्ती साध्या सीरियलवर लावू नका. तिथे मोकळ्या वेळात लेझर सतत चालू राहतो, सरासरी सिग्नलला येऊन टेकते आणि कम्पॅरेटर बडबडायला लागतो.

दुसरा: रिसीव्हरचं तोंड मोठं करा. २५ मिलिमीटर फोकल लांबीचं भिंग आणि १५० चं भिंग १७५ मिलिमीटर अंतरावर लावलं की किरण सहापट रुंद होतो, ३ चा १८ मिलिमीटर. रिसीव्हरला डायोडपुढे मोठं भिंग लावा आणि त्यापुढे २, ५, १०, १५ मिलिमीटरच्या छिद्रांचे काळे पुठ्ठे आळीपाळीने धरा. छिद्र मोठं होईल तसा इंडेक्स उतरतो, कारण एका कोपऱ्यात अंधार तर दुसऱ्यात उजेड, बेरीज स्थिर. या एका आलेखात सगळ्या प्रोजेक्टचं सार्थक आहे, पुठ्ठे कापायला आळस करू नका. रुंद किरण बुडबुड्यांनाही पुरून उरतो, एक बुडबुडा सगळा किरण झाकू शकत नाही.

किरण अख्खा सरकतोय की आतल्या आत फुटतोय, हे बघायला रिसीव्हरच्या जागी आलेख कागद लावून मोबाइलने स्लो-मोशन चित्रण करा. अख्खा ठिपका सरकत असेल तर मोठं भिंग किंवा जास्त पसरट किरण कामाला येतो. ठिपक्याच्या आत जाळी दिसत असेल तर मोठ्या छिद्रातून होणारी सरासरी कामाला येते.

तिसरा, एरर करेक्शन आणि इंटरलीव्हर (सलग बिट विखरून पाठवणारी युक्ती), महाग पडतो. इंटरलीव्हरची खोली पडझडीपेक्षा कितीतरी जास्त लागते. दहा लाख बिटच्या लिंकवर तीन लाख बिटांची खोली ठेवली तर ०.३ सेकंदांचा उशीर आलाच. सेन्सरचं वाचन पाठवायचं असेल तर पाकीट पुन्हा मागवणं हाच सरळ मार्ग. आणि लेझरची शक्ती वाढवणं? मुरण्यावर तो उपाय आहे. कायम उंबरठ्याच्या लिंकवर खळबळीसाठी तो उपाय नाही, कारण पडझड टक्क्यांत होते आणि उंबरठा निम्म्यावर ठेवायचा तर तोही त्याच प्रमाणात वर सरकतो.

टाकीबाहेर

कृष्णेचं पाणी तपासायला नदीत उतरायची गरज नाही, आणि उतरूही नये. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत. घाटावरून दोरीने बादली सोडून पाणी आणा, दहा सेंटिमीटर रुंदीच्या काचपात्रात भरा आणि त्याच पात्रातल्या स्वच्छ पाण्याशी प्रकाशाची तुलना करा. गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग घेऊन चिन्ह उलटवा, मीटरमधल्या लांबीने भागा, क्षीणन (मीटरमागे प्रकाश कमी होण्याचा दर) मिळतं. स्वच्छ पाण्याशी तुलना केल्याने काचेचा तोटा आपोआप वजा होतो. वाचन पटकन घ्या, गाळ खाली बसतो.

पेट्झोल्ड यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत स्वच्छ समुद्राचं क्षीणन मीटरला ०.१५, किनाऱ्याजवळ ०.४ आणि गढूळ बंदरात २.१९ आहे. ०.४ ला दहा मीटरवर २ टक्क्यांहून थोडा कमी प्रकाश पोचतो. २.१९ ला आपल्या टाकीएवढ्या १.२ मीटरमध्येच ७ टक्के उरतो. जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखालून जाणारं लाल-काळं पाणी पाहिलं की कळतं, तिथे खळबळीचा प्रश्न येण्याआधीच प्रकाश संपतो. अशा पाण्यासाठी ध्वनीचा मोडेम बघावा. खळबळीचा खरा प्रश्न निवळ आणि खोल पाण्यात येतो: कोयनेसारख्या जलाशयात उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं गार राहतं, आणि दोन्ही जिथे भेटतात त्या थरातून तिरका किरण पाठवायचा असतो तेव्हा. तिथे उपकरणं उतरवायची तर परवानगी आधी काढा, थर्मामीटर दोरीला बांधून दर मीटरला तापमान नोंदवा, आणि शक्यतो दोन्ही टोकं त्या थराच्या एकाच बाजूला ठेवा. थर ओलांडणं टळत नसेल तर किरण उभा ठेवा. आडव्या थराला उभा छेदणारा किरण थरातून सर्वांत कमी अंतर जातो आणि कमीत कमी वाकतो.